पाचबोट्याच्या पाण्याची साक्ष

मामा गेल्याची बातमी कापसाच्या बंडीवर बसून आली. अमरावतीला मी ज्या शिळाछापखान्यात काम करतो, त्याच्यापुढे बाजाराच्या दिवसांत बंड्यांची एवढी दाटी होते की अंग चोरल्याशिवाय माणसाला आत शिरता येत नाही. मी दगडावर शाई फिरवत होतो. आमच्या गावचा खुशाल बंडीवरूनच ओरडला, "पंडता, ठेव ते खाली. तुहा मामा गेला." मी हात पुसायला चिंधी शोधू लागलो... काय करावं ते कळत नसलं की माणूस असलंच काहीतरी करतो. "कधी?" म्हटलं. "सोमवारी. पटकी झाली. दीड दिवसात मोकळा झाला बिचारा. तुले सांगायले मानूस धाडनार व्हतो, पन बंड्या भरून राहिलो व्हतो गा आमी. कोनाले सवड हाये सध्या?" खुशाल वाईट माणूस नाही, त्यानं खरं तेच सांगितलं. अमेरिकेत लढाई लागली आणि विलायतेला आमचा कापूस हवासा झाला, तेव्हापासून वऱ्हाडात मेलेल्यासाठीही कोणाला सवड नाही. शेवटी मामा काही बोलला का, असं मी विचारलं. "पानी मांगितलं. दुसरं काय मांगते मानूस?" कुठलं पाजलं? खुशालनं बैलाच्या शिंगावरची चांदीची शेंबी उगीचच बोटानं फिरवली आणि म्हणाला, "विहिरीचं. खारं. दुसरं कुठी हाये आता गावात?"

त्या उत्तराला आता तीन महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहाव्यात आणि लेख संपवावा, असा रिवाज आहे. मला तो पाळता येणार नाही. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याला गोडं पाणी पाजलं, त्याच्या तोंडात शेवटी खारं पाणी पडलं, आणि ते तिथवर पोचवण्यात माझा हात आहे. माझ्या सोळा पानांच्या पुस्तकाचा आहे. ते पुस्तक पुष्कळांनी वाचलंय, काहींनी मला त्याबद्दल शाबासकीही दिलीय. त्यांनी हेही वाचावं.

सुकाजी गुरव हा माझ्या आईचा भाऊ. आई मी तीन वर्षांचा असताना गेली, आणि मामानं मला पूर्णा नदीच्या काठी, पाचबोट्या महादेवाच्या देवळामागच्या दोन खोल्यांत वाढवलं. पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा मुलूख कसा आहे हे वऱ्हाडच्या वाचकाला सांगायला नको, पण हा अंक पुण्याकडेही जातो म्हणून सांगतो. जमीन काळी, कापसाला सोन्यासारखी, आणि तिच्या पोटातलं पाणी मिठासारखं. विहीर खणा, वीस हातांवर लागतं ते खारं, चाळीस हातांवर लागतं ते त्याहून खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहाची पत्ती टाकली तर सरकारी कारकूनसुद्धा तोंड वाकडं करतो. उन्हाळ्यात नदीचं डबकं उरतं तेही मचूळ. पण आमच्या देवळापुढं नदी वळते, त्या वळणावर वाळू उकरली की हातभर खाली गोडं पाणी पाझरतं. मेळघाटाकडून येणारा एक ओढा तिथं वाळूच्या आतून नदीला मिळतो, असं मी पुढे शाळेत भूगोल शिकल्यावर ताडलं. वाळूतल्या त्या खड्ड्याला आम्ही झिरा म्हणतो. देऊळ आहे ते झिऱ्यापाशी. झिरा देवळापाशी आहे असं मात्र कधीच नव्हतं... हा फरक मला फार उशिरा समजला.

लोकांची कथा वेगळी. फार पूर्वी एक लमाण बाई मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन पूर्णा उतरत होती. मधल्या धारेत बैल अडखळले, गोण्या फुटल्या, सगळं मीठ नदीत विरघळलं आणि दोन्ही काठांच्या जमिनीत मुरलं. तिचं पोर तहानलेलं होतं आणि आता प्यावं असं थेंबभर पाणी कुठे उरलं नव्हतं. बाई रडत बसली तेव्हा एक वाटसरू आला, त्यानं पाच बोटांनी वाळू ओरबाडली, गोडं पाणी वर आलं, पोर प्यालं, आणि वाटसरू होता तिथं पिंडी उरली. त्या पिंडीवर पाच खाचा आहेत. शिवरात्रीला अकोल्यापासून, अचलपुरापासून, थेट तापीकडून माणसं येत, खाचांतून बोटं फिरवत आणि झिऱ्याचं पाणी पीत. मामा ही कथा सांगे तेव्हा पोर पाणी पितं त्या ठिकाणी त्याचा आवाज दरवेळी बसायचा. लहानपणी मला वाटे, दरवेळी कसं काय बसतो? सोंग करतो की काय? एकदा विचारलंही. "काहून बे पंडता," मामा म्हणाला, "तू दर सांजेले मायची आठवन काढून रडते, ते सोंग असते का?"

शिवरात्रीच्या आदल्या सोमवारी झिरा उघडायचा मान गुरवाचा. मामा पहाटे वाळूत उतरे. हातात बांबूच्या दांड्याची नारळाची करवंटी, कडा झिजून बोटाच्या नखासारखी पातळ झालेली. वाळू काढायची, गढूळ पाणी उपसायचं, पुन्हा साचू द्यायचं, आणि मग करवंटीभर पाणी घेऊन तो तोंडाला लावी, डोळे मिटून जिभेवर धरी आणि कितीतरी वेळ तसाच उभा राही. काठावरची माणसं हात जोडून गप्प. सगळ्यांना वाटे की गुरव मनातल्या मनात मंत्र म्हणतोय आणि त्या मंत्रानं पाणी तीर्थ होतंय. मग तो मान हलवी, हर हर महादेवचा गजर होई, पहिली घागर पिंडीवर आणि दुसरी जो सगळ्यात लांबून आला असेल त्याच्या ओंजळीत. मी आठ-दहा वर्षांचा असताना एकदा त्याला मंत्र शिकवायला सांगितलं. तो हसला. मला वाळूत नेलं, करवंटीतलं पाणी पाजलं, म्हणाला, "जिभेच्या कडेले लागू दे. खारवट लागून राहिलं का जरासं? मंग अजून उपसाचं. नाई लागलं? मंग झालं. हाच मंत्र. पन हे घरातलं हाये, कोनाजवळ बोलू नको."

मी बोललो नाही. छापलं.

ते कसं झालं तेही सांगतो. मामानं मला अकोल्याच्या शाळेत घातलं, आपल्या हातानं भाकरी बांधून देऊन. तिथं मला वर्तमानपत्रं वाचायची सवय लागली, सभांना जाऊन पाठीमागून ओरडायची लागली, आणि लवकरच असं वाटू लागलं की साऱ्या जगाचं खोटं उघडं पाडायचं काम माझ्यावाचून अडलंय. मी अमरावतीला छापखान्यात लागलो. सुट्टीत घरी गेलो की मामाशी भांडायचो. भांडणाचा विषय एकच. वळणावर झिरे दोन होते. वरचा गावाचा आणि यात्रेचा. त्याच्या खाली पन्नास पावलांवर दुसरा, महारवाड्याचा. दोन्ही मामाच उकरे. मी म्हणायचो, देवाचं पाणी आहे ना, वाटसरूनं काय विचारून पाजलं होतं त्या पोराला? मग महारांना वेगळा खड्डा का? मामा वाळूत रेघ ओढत बसे. एकदा म्हणाला, "वरचा झिरा त्याईच्यासाठी उघडला तं गाव मले बाहेर काढीन. मंग दोनी झिरे कोन उकरीन? तू?" मी म्हटलं, "हे भित्र्याचं बोलणं आहे." तो म्हणाला, "असन." एवढंच. त्याच्या त्या 'असन'चा मला असा राग आला, की अमरावतीला परतून आठ दिवसांत मी पुस्तक लिहिलं. नाव ठेवलं 'देव की डबके?'

आज ते पुस्तक पुढे घेऊन बसलोय. त्यात खोटं असं एक वाक्य नाही, हे माझं दुःख आहे. पिंडीवरच्या खाचा विळे घासून पडल्या असाव्यात, हे मी लिहिलं, आणि ते बहुधा तसंच आहे. गोडं पाणी वाळूखालच्या ओढ्याचं आहे, कोणा वाटसरूच्या बोटांचं नाही, हेही खरं. महारांना वेगळा झिरा ठेवणारा देव देव नव्हे आणि त्याचा गुरव भित्रा, असं ठासून लिहिलं. आणि बाराव्या पानावर, मोठ्या अक्षरात: 'गुरव मंत्र म्हणत नाही, मीठ चाखतो.' या वाक्यावर मी फार खूश होतो. छापखान्यातले सगळे हसले होते.

पुस्तक घेऊन मीच गावी गेलो. मामाला अक्षर येत नव्हतं. "वाच," म्हणाला, "सारं वाच, मधलं गाळू नको." ओसरीवर भिंतीला टेकून त्यानं सोळाच्या सोळा पानं ऐकली. विळ्यांच्या खाचांशी तो मोठ्यानं हसला. "असू शकते बावा, आमचा आजा लय कंजूस व्हता, देवाच्या दगडावर इळे घासले असतीन त्यानं." भित्रा म्हटल्यावर त्यानं नुसती मान हलवली. बारावं पान ऐकलं तेव्हा त्यानं टेकलेली पाठ काढली. "हे तं घरातलं व्हतं," एवढंच म्हणाला. मग मला वाढायला उठला. ताक होतं, ज्वारीची भाकर होती, मी पोटभर जेवलो. मला वाटलं, म्हातारा रुसलाय, होईल नीट.

मधल्या काळात कापसानं गावाची चाळण केली होती. ज्वारीची शेतं कापसाखाली गेली, गायरानात सरक्या वाळू लागल्या, आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली, आणि कापसाच्या गठाणी वाफेनं दाबायचा कारखाना आमच्या गावापाशी काढायचं कोण्या बाहेरगावच्या मंडळींनी ठरवलं. त्यांचा अडत्या अचलपुरी जोडे घालून गावभर हिंडला आणि प्रत्येक विहिरीचं पाणी चाखून थुंकला. वाफेच्या इंजनाला खारं पाणी चालत नाही म्हणे. पोटात मीठ धरतं आणि एक दिवस फुटतं. ज्या पाण्यावर माणसं जगतात ते इंजनाला सोसत नव्हतं. अडत्याला हवा होता आमचा झिरा. वळणावर पक्की विहीर बांधायची, तीवर पंप, आणि रात्रंदिवस उपसा. गावानं अर्ज केला की हे तीर्थ आहे. जिल्ह्याचा साहेब दौऱ्यावर आला, आमराईत तंबू पडला आणि चौकशी लागली. साहेबाचा शिरस्ता असा, की धर्माच्या जागेला हात लावायचा नाही, बाकी जागेचं पुढे बघू. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं: ही जागा धर्माची आहे की नाही? आणि साहेबाच्या टेबलावर, अडत्यानं नेऊन ठेवलेलं, माझं पुस्तक होतं.

मला अमरावतीहून बोलावणं आलं. गावातले म्हातारे मामाला म्हणत होते, "सुकाजी, भाच्याले समजाव." मामानं मला काही समजावलं नाही. तंबूकडे जाताना फक्त माझ्या सदऱ्याची गुंडी लावली, शाळेत पाठवताना लावायचा तशी.

साहेबाचे मुनशीजी अकोल्याचे मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. साहेब बोलला ते त्यांनी सांगितलं: "या ठिकाणाचं धर्माच्या दृष्टीनं महत्त्व काय, ते गुरवानं सांगावं." मामा उभा राहिला. डोक्याचं पागोटं काढून त्यानं हातात घेतलं होतं, त्यामुळे तो मला ओळखीचा वाटेना. बाहेर दोऱ्यांपाशी अख्खं गाव उभं. आता लमाण बाई येईल, बैल अडखळतील, पोर पाणी पिईल आणि मामाचा आवाज बसेल, हे साऱ्यांना ठाऊक होतं. मामानं तोंड उघडलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी एका बाजूला सतरंजीवर हाताची घडी घालून बसलो होतो, ग्रंथकर्ता म्हणून. मामानं तोंड मिटलं. मुनशीजींना वाटलं म्हातारा घाबरला. ते हलक्या आवाजात म्हणाले, "कहो गुरवजी, वो बनजारन का क़िस्सा कहो. साहब को क़िस्सा ही चाहिए." मामा पुन्हा माझ्याकडे पाहू लागला. मग म्हणाला, "सायेब, हा सारा मुलूख खारा हाये. अठी तेवढं गोडं पानी लागते. लोक येतात, पितात, हात जोडतात. एवढंच हाये."

"आणि देव?" मुनशीजींनी साहेबातर्फे विचारलं.

"तोच तो," मामा म्हणाला.

मुनशीजींनी शब्दाला शब्द लावून सांगितलं, त्यांचा काही दोष नाही. साहेबानं पुस्तकावर बोट टेकवलं आणि ते बोट माझ्याकडे वळवलं. मी उठलो. आधीपासून घोकून आलो होतो ते म्हणालो: पाणी साऱ्या रयतेचं आहे, कारखान्याला देऊ नये. साहेब कंटाळून म्हणाला, पाण्याची सोय कारखाना करील, टाकी बांधून देईल, ते कबूल आहे. ही जागा पवित्र आहे की नाही, तेवढंच बोला. माझ्यापुढे दोन शब्द होते. एक म्हटला असता तर झिरा वाचला असता आणि मी खोटा ठरलो असतो. मी म्हणालो, "नाही." त्या वेळी मला माझा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. साऱ्या गावाविरुद्ध, साहेबासमोर, खरं बोललो! पत्रकं लिहून लिहून माणसाला वाटायला लागतं, की खरं बोललं की आपलं काम संपलं.

परत येताना नदीच्या पांदणीत मी मामाला चिडून विचारलं, "कथा का नाही सांगितली? एरवी पोराटोरांना सांगतोस!"

"तू बसला व्हता ना समोर," मामा म्हणाला. "तू कागदावर लिवलं का ते खोटं हाये. मी खरं हाये म्हटलं असतं तं सायेबासमोर तू खोटा पडला असता. एवढं शिकोलं तुले, ते खोटं पाडासाठी?"

"अरे पण मी तर तुझ्याविरुद्धच बोलायला आलो होतो."

"ते तुह्यं काम तू केलं."

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. वळणावर विहीर खणली, पंप बसला, आणि कारखान्याच्या धुराड्यानं देवळाचा कळस बुटका करून टाकला. गावासाठी टाकी बांधली हे खरं. पहिल्या हंगामात तिच्यात पाणी येई, मग एक दिवसाआड, मग इंजनाचं भागल्यावर उरलं तर. आणि उपसा एवढा चालला, की वाळूखालचा गोड ओढा सगळा त्या खोल विहिरीत ओढला गेला आणि वर वाळूत चहूकडचं खारं पाणी शिरलं. वरचा झिरा खारट झाला. आठच दिवसांत खालचाही झाला. मी पुस्तकात मागितलेली समता आली. आता पाटलाच्या घरीही तेच पाणी आणि महारवाड्यातही तेच.

देऊळ कोणी पाडलं नाही. पिंडीला कोणी बोट लावलं नाही. सरकारनं धर्मात ढवळाढवळ केली असं कोणाला म्हणता येणार नाही. पहिल्या शिवरात्रीला यात्रा आली, मामानं झिरा उघडला, करवंटी तोंडाला लावली, डोळे मिटले... आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मान हलली नाही. गजर झाला नाही. लोक खोळंबले, मग आपापल्या ओंजळीनं प्याले आणि लपवून थुंकले. दुसऱ्या वर्षी तापीकडची माणसं आली नाहीत. तिसऱ्या वर्षी यात्रा म्हणावी असं काही उरलंच नाही. माझं पुस्तक असं अक्षरशः खरं ठरलं. पाणी काढून घेतल्यावर मागे दगड उरला. पण मग इतकी वर्षं तिथं जे होतं, ते काय होतं? धर्माचं महत्त्व काय, असं साहेबानं विचारलं होतं, आणि मामानं त्याला उत्तर दिलं होतं. त्या तंबूत ते उत्तर दोघांनाच कळलं असावं, मामाला आणि कदाचित मुनशीजींना. निघताना ते मला म्हणाले होते, "बेटा, किताब अच्छी लिखी है. पानी किसी दिन हमें भी पिलाना." मी ते कौतुक म्हणून घेतलं होतं.

मामा मात्र थांबला नाही. रोज सकाळी करवंटी घेऊन नदीत उतरायचा आणि वर वर, उगमाच्या बाजूला सरकत, वाळू उकरायचा. तो ओढा दुसरीकडून कुठूनतरी येत असेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. या दिवाळीत मी गेलो, तेव्हा तो कारखान्याच्याही वर पोचला होता. त्या बाजूला कारखान्याच्या माणसांची वस्ती, तिथली सगळी घाण नदीत. मी म्हटलं, "मामा, असल्या जागचं पाणी तोंडात घेऊ नकोस." तो म्हणाला, "तोंडात घेतल्याशिवाय कसं समजीन?" आम्ही वाळूत बसलो होतो. त्यानं मला करवंटी पुढे केली. मी घेतली नाही, मला घाईनं बंडी गाठायची होती. तीच आमची शेवटची भेट. पटकी झाली तेव्हा सरकारी डाक्टर म्हणाला, हवा बिघडली. हवा! त्या डाक्टरानं एकदा त्या वाळूत उतरावं आणि हवा कुठे बिघडलीय ते मला दाखवावं.

बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी मी गावी पोचलो. सगळं आटोपलं होतं. मामाची वस्त्रं, भांडी भावकीनं पटकीच्या भीतीनं नदीत टाकली होती. मी वळणावर उभा होतो तेव्हा महारवाड्यातली एक म्हातारी माझ्यापासून चार हात दूर येऊन थांबली. तिचं नाव मी लिहीत नाही, एवढं तरी आता शिकलोय. पदराखालून तिनं करवंटी काढली आणि वाळूवर ठेवली, मी उचलावी म्हणून. "वाहून चालली व्हती," म्हणाली. "धुतली नाई मी. तुह्या मामाची हाये." मग म्हणाली, "तू म्हने पुस्तकात लिवलं, मामाले आमचा इटाळ व्हते."

मी करवंटी उचलली.

"दरसाली खालचा झिरा तो आधी उकरे. वरच्याच्या आधी, अंधार असताना. हेच करवंटी आमच्या पान्यात बुडवे, तोंडाले लावे, अन् तशीच, न धुता, वरच्या झिऱ्यात नेऊन घाले. माह्या सासऱ्यानं पायलं, मी पायलं. साऱ्या गावानं, पाटलानं, भटानं, आमचंच पानी पेलं बापू, इतकी सालं. अन् तीर्थ म्हनून पेलं." तिला हसू आलं, मग ते तिनं आवरलं.

"मला कोणीच कसं सांगितलं नाही?" मी म्हणालो. "मामानं का नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं," म्हातारी म्हणाली, "तं तू छापलं असतं."

छापलं असतं. मोठ्या अक्षरात छापलं असतं, बाराव्या पानाच्याही आधी, आणि गावानं मामाला त्याच हंगामात बाहेर काढलं असतं. मी तिला विचारलं, आता लिहू का? ती म्हणाली, "आता लिव. मेलेल्या मानसाले कोन बाहेर काढते? अन् आमी तं बाहेरच हाओत."

म्हणून लिहिलं. करवंटी आता माझ्याकडे आहे, छापखान्यात शाईच्या डब्याशेजारी. सुट्टी मिळाली की गावी जातो आणि मामानं सोडलं तिथून वाळू उकरतो. हात लिहिणाऱ्याचे, लवकर सोलतात. गेल्या खेपेस हातभर खाली पाणी लागलं. गढूळ उपसलं, साचू दिलं, करवंटी भरली, तोंडाला लावली. जिभेच्या कडेला लागू द्यायचं तर डोळे आपोआप मिटतात, हे मला त्या वेळी समजलं. उघडले तेव्हा काठावर एक परगावची बाई हात जोडून उभी होती, डोक्यावर रिकामी घागर, पाचबोट्याला आलेली असावी. मी काय म्हणतोय असं तिला वाटलं असेल, ते मला ठाऊक होतं. मी तिला काही समजावून सांगितलं नाही.

"झालं का बावा?" तिनं विचारलं.

"नाई माय," मी म्हणालो, "खारं हाये अजून." आणि दोन हात पुढे सरकून पुन्हा उकरायला बसलो.